परसातला मीटलोफ

रेणूच्या सासरी मटण स्वयंपाकघरात शिजत नसे, तिथं देव होते. त्यामुळे मोबाइलवर पाहून ठरवलेला मीटलोफही तिला परसातल्या चुलीवरच करावा लागला. खिम्यात अंडं आणि पावाचा चुरा मळून तिनं जाड लांबट वडी थापली, डेगचीत ठेवली, झाकणावर निखारे रचले आणि सासऱ्यांना बजावलं, "मामाजी, याले हात लावू नका."

मशरूमची ग्रेव्ही मात्र आतच करायची होती. त्यात साय होती, आणि मटणाच्या चुलीवर दूध-साय चढवायची नाही, असा सासूबाईंचा दंडक. आत-बाहेर करून रेणू कावली. शेवटी साय फाटू नये म्हणून ती गॅसपाशीच उभी राहिली.

ग्रेव्हीचं पातेलं घेऊन ती बाहेर आली, तर मामाजी डेगचीत पळी फिरवत होते. वडीचा पत्ता नव्हता. वरून तांब्याभर पाणीही पडलं होतं.

"बुडाले लागून राह्यलं होतं," ते म्हणाले. "म्हून हालवलो."

रेणूनं सगळी ग्रेव्ही त्यातच ओतली.

जेवताना मामाजींनी तिसऱ्यांदा भात मागितला. "बेस झालं. नाव काय म्हनलीस याचं?"

"खिमा," रेणू म्हणाली आणि भाताचा डाव ताटात जरा जोरातच आपटला.