रिकामा पिपा, भरला हात

‘मी पिपा बोलतोय’ अशी सुरुवात करायची असते म्हणे. बोलतोय कसला? गेली नऊ वर्षं मला बडवतायत. त्यातून जो आवाज निघतो त्याला तुम्ही बोलणं म्हणणार असाल तर खुशाल म्हणा. आज मात्र मला खरंच बोलायचंय, कुणाचा दांडा पाठीत न बसता, माझ्या मर्जीनं.

मी म्हणजे गोडेतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी टिनाचा डबा. आमच्या नागपूरकडे त्याला पिपा म्हणतात. एका लग्नात माझ्यातल्या तेलाची भजी तळून झाली आणि मी मांडवामागे पडून राहिलो. माझ्यासोबतच्या एका पिप्यात गहू भरले, दुसऱ्याला ठोकून सपाट करून कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलं. मला उचललं रामाजीनं. लग्नात जेवायला आलेला माणूस तो, हात धुऊन जाताना त्यानं माझ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि बायकोला म्हणाला, “रुखमा, हे पाय, कसा बोलते पिपा!” तेव्हा त्याला ऐकू येत होतं. आयुष्यात मला कुणी पहिल्यांदा आणि शेवटचं हळू वाजवलं असेल तर ते तेव्हा. निदान परवापर्यंत मी असंच समजत होतो.

रामाजी जातीचा ढिवर. विमानतळालगतच्या मिहान या उद्योगनगरीच्या पल्याड एक तलाव आहे, तिथं त्याच्या मच्छीमार संस्थेचे रोहू, कतला आणि मिरगल वाढतात. त्यांना रोज सकाळी दाणा घालायचं काम रामाजीचं. तो आणि त्याचा जुना सोबती नत्थू डोंग्यातून तलावाच्या मध्यावर जायचे. नत्थू वल्हवायचा. रामाजी मला मांडीशी आडवा धरायचा, डावा तळवा माझ्या पोटावर टेकवायचा आणि उजव्या हातातल्या बाभळीच्या दांड्यानं तीन ठोके द्यायचा. मग थोडं थांबून आणखी दोन. लगेच ढेप, म्हणजे पेंड, आणि कोंड्याची मूठ पाण्यात.

पहिले काही दिवस पाणी ढिम्म. महिनाभरानं तिसऱ्या ठोक्यालाच डोंग्याभोवती पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. शेकडो तोंडं वर! गंमत बघा, त्या तलावावरून विमानं इतकी खाली जातात की डोंग्यातल्या माणसाच्या छातीत धडधड होते. मासे त्या विमानाला हिंग लावून विचारत नाहीत. माझ्यासारख्या तेलकट पत्र्याच्या पाच ठोक्यांना मात्र धावत येतात.

‘रिकामं भांडं फार वाजतं’ असं म्हणून तुम्ही माणसं हसता ना? अहो, मी रिकामा होतो म्हणूनच वाजत होतो. भरलेला लागायचा तो वाजवणाऱ्याचा हात. रामाजीला हे पक्कं माहीत होतं. त्याचा एक नेम होता: आधी घास, मग जाळं. जाळं ओढायच्या दिवशीसुद्धा तो आधी पोटभर दाणा टाकायचा. ‘पिपा वाजला आन् हात रिकामा, असं होऊ देऊ नये. थे खोटं बोलनं होते,’ असं तो नत्थूला बजावायचा. शेवटी मासे जाळ्यात जायचेच, त्यामुळे मी काही साळसूद आहे असा माझा दावा नाही. पण नऊ वर्षांत एक दिवसही माझा आवाज फुकट गेला नाही, एवढं छाती ठोकून सांगतो. छाती तशीही रोज ठोकली जात होतीच.

पुढे रामाजीचे कान गेले. आधी रुखमाबाईची हाक ऐकू येईना, मग नत्थूचं ओरडणं. त्याला जसजसं कमी ऐकू येऊ लागलं, तसतसा माझ्या पाठीवरचा दांडा जड होत गेला. कान त्याचे गेले आणि पोचे मला पडले! हा कुठला न्याय? मी मनातल्या मनात ओरडायचो, अरे बाबा, मासे बहिरे नाहीत, हळू मार. पण पिप्याचं कुणी ऐकायचं, आणि तेही बहिऱ्यानं!

रामाजीचा मुलगा अश्विन मिहानमधल्या एका कंपनीत मशिनी सांभाळतो. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्याच्यावर बराच चिडणार आहे. तो बापाला धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पिपा बडवणं बंद करा, आहे तेवढंही जाईल. त्याच आठवड्यात तलावावर वादळ आलं. काठावरून लोक हाका मारत होते आणि रामाजी मात्र शांतपणे दाणा टाकत बसला होता. त्या दिवशी डोंगा उलटायचा राहिला. घरी येऊन अश्विन बापाच्या कानाशी ओरडला, “बाबा, आता बस झालं. तुमी डोंग्यात जाऊ नका.”

“मंग मासोळ्याईले कोन बलावन? तू?”

“हाव. मी बलावतो.”

रामाजी हसला. “बलावून दाखव. आल्या तं मी घरी बसतो.”

शब्द गेला. तिथून पुढे त्याचा डोंगा पणाला लागला होता. ज्या माणसाला घरात काय बोलतात ते कळत नाही, त्याला कळेल असं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे पाणी.

पंधरा दिवसांनी खोक्यातून एक यंत्र आलं. काळं, नारळाएवढं, वायर लावून पाण्यात सोडायचं. खोक्यावर जबडा वासलेल्या परदेशी माशाचं चित्र. अश्विननं अंगणात सगळ्यांना समजावून सांगितलं, की हा बास नावाचा मासा आहे, तो झुंडीनं राहतो, आणि एक झुंड खायला लागली की तो आवाज ऐकून बाकीच्या धावतात. तोच आवाज या यंत्रात भरलाय.

“कोनता मासा?” रामाजीनं कानामागे हात धरला.

“बास, बाबा. बास!”

“बस? कोनती बस? उमरेडची?”

नत्थू हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्या दिवसापासून यंत्राचं नाव बस पडलं. गल्लीतली माणसं अश्विनला विचारायची, “काहून गा, आज तुही बस तलावात गेली का?”

बस तलावात गेली आणि होते नव्हते तेवढे मासे पळाले. पळणारच! बास हा माशांना खाणारा मासा, आमचे रोहू-कतला कोंडा खाणारे सज्जन. त्यांना कुणाच्या तरी जेवणाची हाक नव्हे, मरणाची आरोळी ऐकू आली असणार. अमेरिकेची भाषा नागपूरच्या तलावाला काय कळणार? हे मला पत्र्याला कळतं, पण यंत्र शिकलेल्या पोराला कळायला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी त्याला अक्कल सुचली. तिला अक्कल म्हणायचं तर म्हणा. त्यानं मला अंगणात आणलं, बापाच्या हातात दांडा दिला आणि फोन समोर धरला. “वाजवा, बाबा.” तीन ठोके, मग दोन. त्यानं ते फोनमधून यंत्रात भरलं आणि यंत्र तिथंच सुरू करून पाहिलं. मी चाट पडलो. माझाच आवाज, माझ्या पोच्यांसकट, आणि मी मात्र गप्प उभा! इतकं अपमानित मला नऊ वर्षांच्या मारानंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मासे आले. यंत्राभोवती पाणी उसळलं म्हणे. रामाजी काठावरून बघत होता. घरी येऊन त्यानं दांडा छपरात खोचला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

माझं काय झालं ते सांगायलाही लाज वाटते. रुखमाबाईनं मला उपडा केला, खिळा घेऊन माझ्या बुडाला पाच भोकं पाडली, माती भरली आणि गवती चहा लावला. “आता तं रिकामाच हाये ना पिपा,” ती म्हणाली. पाच भोकं! विचारायची पद्धत नाही की काही नाही. चहा मात्र माझ्यात छान फोफावला.

त्या अंगणातच मी नत्थूच्या तोंडून पुढची हकीकत ऐकली. तो रोज येऊन रुखमाबाईपाशी कुरकुर करायचा. अश्विननं आधी दाणा नीट टाकला. मग रविवारी कंपनीतले मित्र यायला लागले. डोंग्यात बसायचं, बस सुरू करायची, मासे उसळले की व्हिडिओ काढायचा आणि परत. पुन्हा सुरू, पुन्हा व्हिडिओ. एका सकाळी बारा-बारा वेळा. दाण्याचं पोतं काठावर तसंच.

“म्या म्हटलं त्याले,” नत्थू सांगत होता, “पिपा वाजला तं घास पाह्यजे. तं मले म्हनते, काका, हे रेकॉर्डिंग होय, पिपा थोडीच होय!”

हे वाक्य ऐकून माझ्या अंगातली माती गरम झाली. अरे शहाण्या, तुला माहीत आहे ते रेकॉर्डिंग आहे म्हणून. त्यांना कुणी सांगितलं? त्यांना तर रामाजीनं जेवायला बोलावलं होतं! बारा वेळा ताटावर बोलावून उपाशी उठवल्यावर तेराव्यांदा पाहुणा येईल का?

नाहीच आला. महिन्याभरात यंत्र वाजलं तरी पाणी हलेना. संस्थेनं जाळं ओढायचा दिवस ठरवला, सगळे ढिवर जमले, बस वाजली, आणि जाळ्यात आले सहा लहानसे मिरगल आणि एक चप्पल. मासे तलावातच होते, पण खोल. आवाज झाला की दूर जायचं, एवढं ते आता शिकले होते. नऊ वर्षांची कमाई पोरानं व्हिडिओत घालवली.

त्या दुपारी अश्विन अंगणात येऊन बापासमोर उकिडवा बसला. हळूच म्हणाला, “बाबा, चुकलं माहं.”

“का म्हनते?” रामाजीनं विचारलं.

“चुकलं माहं!”

“मोठ्यानं बोल न गा. आयकू येत नाही.”

“बाबा, माहं चुकलं! म्या रिकाम्या हातानं बलावलं त्याईले!” अश्विन गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला आणि रडायला लागला. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. रामाजीला पहिल्या वेळीच कळलं होतं असा मला दाट संशय आहे. त्याच्या मिश्या हलत होत्या.

तो उठला, माझ्याजवळ आला आणि गवती चहा मुळासकट उपटला.

“अवो, माहा चहा!” रुखमाबाई धावली.

“चहा दुसरीकडं लाव वं. पिप्याले काम हाये.”

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा डोंग्यात होतो. समोर नत्थू, मागे अश्विन. तीन ठोके पडले. पण आवाज कसला, खोकलाच तो! पाच भोकांतून सगळा दम निघून जात होता. नत्थूनं ऐकलं आणि मान खाली घातली. अश्विननं ऐकलं आणि बापाला सांगायची त्याची हिंमत होईना. मी तर शरमेनं अर्धा झालो. रामाजी आपला बडवतोय, बडवतोय, त्याला काय कळणार, असं मला वाटलं.

पण त्याचा डावा तळवा माझ्या पोटावर होता. तो मधेच थांबला. तळवा दाबून पुन्हा एक ठोका दिला. “हा थो पिपा नाही रायला,” तो म्हणाला आणि त्यानं मला उलटा केला. भोकं मोजली. नऊ वर्षं मी त्या तळव्याला नुसती पकड समजत होतो. तो माणूस तळव्यानं ऐकत होता.

भोकं डांबरानं बुजवली. आवाज परतला, पण जुना नाही. जरा घोगरा, जरा वयस्कर. एका अर्थी बरंच झालं, जुना आवाज तर खोटारडा ठरला होता. नवा आवाज म्हणजे नवी ओळख, पहिल्या घासापासून. रामाजीनं संस्थेत जाऊन सांगितलं, यंदा जाळं नाही, नुसता दाणा. माणसं कुरकुरली, पण त्याच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

रोज सकाळी ठोके, रोज मुठी. अश्विन कामावर जायच्या आधी येतो, पोतं तोच उचलतो, दाणा तोच टाकतो. पाणी ढिम्म. कोंडा तरंगतो, भिजतो, बुडतो. अठरा दिवस असे गेले. माझा तर धीर सुटला होता.

परवा, एकोणिसाव्या दिवशी, रामाजीचा खांदा भरून आला. त्यानं दांडा अश्विनच्या हातात दिला आणि स्वतःचा तळवा माझ्या पोटावर ठेवला. पोरानं बापासारखाच दांडा डोक्यापर्यंत उचलला. मी अंग आकसून घेतलं. तेवढ्यात रामाजीनं त्याचं मनगट धरलं.

“हळू मार गा,” तो म्हणाला. “बहिरा मी आहो, मासे नाही.”

म्हणजे त्याला ठाऊक होतं! इतकी वर्षं तो मासे बोलवायला नव्हे, स्वतःला ऐकू यावं म्हणून मला इतक्या जोरानं बडवत होता. आणि मी मूर्ख, पोचे मोजत बसलो होतो.

अश्विननं हळू मारलं. तीन ठोके, थोडं थांबून दोन. भरली मूठ पाण्यात. डोंग्याच्या कडेला बोटाएवढी चार-पाच पिल्लं आली, यंदाच्या पावसात सोडलेली. त्यांना ना खोटा आवाज माहीत, ना खरा. त्यांनी कोंडा चाखला आणि गेली नाहीत. रामाजीला पाण्याची चुळबुळ ऐकू आली नसणार, पण तो वाकून बघत होता आणि तळवा त्यानं माझ्यावरून काढला नाही.

तेव्हा एवढंच मागणं आहे. वाजवा मला, पोचे पाडा, माझी तक्रार नाही. होती, ती आत्ता केली, संपली. पण कुणाला हाक मारायची तर मूठ आधी भरून घ्या. बस माळ्यावर आहे. गवती चहा आता फुटक्या बादलीत लावलाय. आणि उद्या सकाळी आम्ही चौघं पुन्हा पाण्यावर आहोत.