कपाटापलीकडे

"सहावा स्वर पुन्हा एक घर पुढे," सर म्हणाले. "मायनर म्हणजे उदास सुरांचं स्केल, त्याचा जीव तिथे कळवळतो, आणि तुम्ही नेमक्या तिथेच हसता."

ताईने बेस गिटारच्या तारेवरचं बोट मागे घेतलं. दिवसभर कानांच्या दवाखान्यात ती लोकांना हेडफोन लावून बारीक स्वर ऐकवायची, "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायची. स्वतःचा कान मात्र त्या एका घरावर, गिटारच्या दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेवर, अडून बसला होता. सरांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्याची जागा रिकामी होती. ती मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

क्लासचं दार ढकलून ताईची धाकटी बहीण आत आली. "घे तुझा चष्मा. आई म्हणते, एक दिवस डोकंही घरी विसरशील."

सर हसले. "तुम्हीपण वाजवता का?"

"छे हो. ही कामावर गेली की जरा तारा छेडते. हिचं ऐकून ऐकून पाठ झालंय."

धाकटीने गिटार मांडीवर घेतली. अख्खं स्केल पाण्यासारखं वाहिलं. सहावा स्वर मात्र एक घर पुढे.

"वा," सर म्हणाले. "हा स्वर स्केलमधला नाही, पण काय गोड लागतो. वाद्यवृंदात याल?"

"ताईला विचारा."

"मला काय विचारायचं?" ताई चष्मा पुसत म्हणाली. "जा की."

ती चूक ताईची होती. बहिणीने तीसुद्धा नेली, आणि वर शाबासकी मिळवली.

घरी दोघींच्या खोल्यांमध्ये भिंत नव्हती, एक उंच लाकडी कपाट होतं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ताई स्पीकर लावत नसे. गिटारचं टोक कपाटाला टेकवलं की लाकूड घुमायचं, तेवढं तिला पुरायचं. ते पलीकडच्या बाजूलाही घुमत असणार, हे आवाजावरच पोट भरणाऱ्या बाईच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने खुर्ची कपाटापासून लांब ओढली आणि हनुवटी गिटारच्या लाकडाला टेकवली. हाडातून कानात शिरणारा आवाज शेजारच्यालाही कळत नाही, हे ती रोज पेशंटना समजावून सांगत असे.

"ताई, आज नाही का वाजवत?" कपाटापलीकडून धाकटीने विचारलं. "मी वाट बघतेय."

"नाही गं. दमलेय."

तिने पाचवा स्वर छेडला. बोट सवयीने दोन घरं पुढे निघालं. तिने ते एकाच घरावर थांबवलं. सहावा स्वर पहिल्यांदाच जागेवर लागला, आणि तो फक्त तिलाच ऐकू आला.