सोड!

"बाबा, ते जॅकेट पण परत द्यायचं आहे ना? तुम्ही काढ ना, घाम येतोय तुम्हाला."

वरदाचं मराठी हे असं. तोंडात "तुम्ही" आणि क्रियापद मात्र अरे-तुरेतलं. लंडनच्या हाउन्सलोत जन्मलेली, चाळिशीला टेकलेली, स्वतः फार्मसिस्ट असलेली ही लेक. तिचं व्याकरण सुधारायचा नाद पद्माकर उपासनींनी केव्हाच सोडला होता. खरं म्हणजे त्यांना ते गोड वाटायचं.

आज काहीच गोड वाटत नव्हतं. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. दोन वेळा केलेला चहा तसाच गार झाला होता. एकतीस वर्षं विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त केले आणि रिटायर झाल्यावर सात वर्षं हॅनवेलच्या या कालव्यावर, त्याची देखभाल करणाऱ्या संस्थेसाठी, फुकट राबले. त्या सात वर्षांची आज अखेर होती. जॅकेट आणि कालव्याच्या झडपा फिरवायची लोखंडी किल्ली संस्थेच्या केबिनमध्ये देऊन यायची, बस.

"ती भिंत बघ," काठाकाठाने चालताना ते म्हणाले. "वेड्यांच्या इस्पितळाची. खाली कमान बुजवलेली दिसते? तिथून बोटीतला कोळसा आत घ्यायचे. आणि हा उतार दिसतो ना, तो घोड्यांसाठी. बोट ओढताना घोडा पाण्यात पडला, तर वर कसा येणार बिचारा?"

"बाबा, तुम्ही हे मागच्या वेळी सांगितला."

"सांगितलं," ते सवयीने पुटपुटले. तिने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. हल्ली ती तशीच पाहायची. बाबा विसरतात, बाबांचा गोंधळ होतो, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती. त्यांच्या मस्तकात तिडीक जायची, पण करणार काय?

कारण होतं तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. त्या दिवशी वरदा पहिल्यांदाच त्यांचं काम बघायला आली होती. इथे कालवा सहा पायऱ्या उतरतो. पायरी म्हणजे लॉक, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला मोठा हौद. बोट आत घ्यायची, खालच्या दरवाजाची झडप किल्लीने फिरवून वर चढवायची, की पाणी निघून जातं आणि बोट अलगद खाली येते. पद्माकररावांना कोण हौस! त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली. "चल वरदा, पाणी सोड!" तिने ऐटीत झडप चढवली.

पाणी निम्मं उतरलं आणि पलीकडच्या काठावरून त्यांना दिसलं, की बोटीची मागची बाजू वरच्या दरवाजाखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकली आहे आणि पुढचं टोक खाली चाललं आहे.

"वरदा, सोड! अगं सोड, सोड!"

झडप धरून ठेवणारा खटका सोड, झडप पडू दे, पाणी थांबव, असं त्यांना म्हणायचं होतं. पोरीला त्या क्षणी सोड सुचलं ते एकच, मघाचं. तिने जीव खाऊन दुसरी झडपही उघडली.

दरवाजावरून धावत जाऊन त्यांनी दोन्ही झडपा पाडल्या, मग वरून पाणी भरलं, तेव्हा कुठे बोट सरळ झाली. पण बोटीवरची म्हातारी आपटली. मनगट मोडलं. वरदाच तिला इस्पितळात घेऊन गेली. त्या दोघी गेल्यावर संस्थेच्या कॅरोलने अपघाताचा फॉर्म भरताना विचारलं, किल्ली कोणाच्या हातात होती?

"माझ्या," पद्माकरराव म्हणाले. त्या एका शब्दावर त्यांचं कालव्यावरचं काम गेलं.

आणि वरदाची समजूत काय, तर बाबांनी भलतीच ऑर्डर दिली. हा अपमान गिळवत नव्हता. रोज वाटायचं, सांगून टाकावं. शब्द ओठांवर यायचे. पण सांगितलं, की ते मनगट जन्मभर तिच्या वाट्याला जाणार. त्यापेक्षा विसरभोळा म्हातारा परवडला, असं म्हणून ते पुन्हा येरझाऱ्या घालायचे.

केबिनमध्ये कॅरोल अवघडून उभी होती. "वुई विल मिस यू," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पद्माकररावांनी जॅकेट दिलं. किल्ली पुढे केली. कॅरोलने तिचं दुसरं टोक धरलं, पण त्यांची बोटं उघडेचनात.

"बाबा," वरदाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "सोड ना. तुम्ही सोड आता."

आणि ती थबकली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"बाबा... सोड म्हणजे लेट गो पण?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "त्या दिवशी तुम्ही मला..."

तीन आठवडे घोळवलेलं उत्तर तयार होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनी लेकीचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"छे गं! पाणी सोड म्हणालो मी. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. तू सांगितलं तेवढंच केलंस."

"नक्की?"

"नक्की. ती तुझी अपॉइंटमेंट कधी आहे?"

"मंगळवारी."

"येतो मी."

त्यांनी किल्ली सोडली. तळहातावर ग्रीसचा काळा पट्टा उरला होता, तो त्यांनी पँटला पुसला नाही. बाहेर आल्यावर सवयीने त्यांनी झडपेच्या खटक्याला हात लावून पाहिला. नीट बसलेला होता.

"चल," ते म्हणाले, आणि तिच्यापुढे दोन पावलं चालू लागले.