एकशे सत्तेचाळीस चुण्या

संग्रहालयाच्या तळघरात माशांच्या चार हजार बरण्या होत्या आणि त्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे बरणीताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं आणि ताईंनीही कधी मनाला लावून घेतलं नाही. झाकणं तपासायची, उडून गेलेलं स्पिरिट भरायचं, पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्या, कुणी अभ्यासासाठी माहिती मागवली तर माशाची मोजमापं घेऊन कळवायची, असं काम. एकोणतीस वर्षं त्या ते करत होत्या.

त्यांचा जीव ईल माशांच्या कपाटांत होता. मासेवाले ज्याला वाम म्हणतात, तो लांबोडका मासा. लोकांना वाटतं, एक पाहिला की सगळे पाहिले. अशा माणसाला ताई हाताला धरून कपाटापाशी नेत. घशात जबड्यांची दुसरी जोडी असलेला एक होता. पुढच्या जबड्यानं धरायचं आणि मागच्यानं आत ओढायचं, असा त्याचा कारभार. एक नुसतं तोंडच होता, बाकी अंग जणू चुकून चिकटलेलं. वाळूत शेपटी रोवून जन्मभर उभे राहणारे होते. चोच चिमट्यासारखी दोन बाजूंना वळलेली एक जात होती. तिचे नर म्हातारपणी दात आणि चोच दोन्ही गमावून बसतात आणि इतके वेगळे दिसू लागतात, की एके काळी अभ्यासकांनी नवरा-बायकोला वेगवेगळ्या घराण्यांत घातलं होतं. विजेचा झटका देणारा ईल मात्र ताईंनी खालच्या फळीवर, एकटा ठेवला होता. तो नावाचाच ईल. सोयरीक त्याची दुसरीकडेच.

ही कपाटं भरली ती सरांनी. सर म्हणजे ताईंचे गुरू. त्यांना निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली होती, वय चौऱ्याऐंशी. चिमटा कसा धरायचा इथपासून सगळं ताई त्यांच्याकडे शिकल्या. सरांनी आयुष्यात हजारो मासे ओळखले, पण नवी जात म्हणून जगापुढे मांडली ती एकच. वीतभर लांब, पानासारखा चपटा आणि काचेसारखा आरपार दिसणारा ईल, खोल समुद्रातून एकदाच जाळ्यात आलेला. त्या जातीला त्यांनी आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. ती बरणी वेगळ्या कपाटात, कुलपात असे.

त्या वर्षी एका परदेशी अभ्यासकाला काळतोंड्या वामचे मणके मोजून हवे होते. काळतोंड्या म्हणजे साधा, दीडशे वर्षांपासून माहीत असलेला खोल पाण्यातला ईल. ताईंनी तीस माशांचे एक्स-रे काढले आणि सकाळभर मोजत बसल्या. मणके एकशे शेहेचाळीस ते एकशे अठ्ठेचाळीस, बहुतेकांचे एकशे सत्तेचाळीस. दुपारी त्या कुलपातल्या कपाटात स्पिरिट भरायला गेल्या. सरांच्या बरणीवर सरांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: अंगावरच्या स्नायूंच्या चुण्या, एकशे सत्तेचाळीस.

ताई बरणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ईलची पिल्लं आईबापांसारखी मुळीच दिसत नाहीत. ती चपटी, पारदर्शक असतात आणि कितीतरी महिने तशीच समुद्रात तरंगत राहतात. मग अंग आखडतं, गोल होतं, रंग भरतो. सगळं बदलतं, पण पिल्लाच्या अंगावर जितक्या चुण्या, साधारण तितकेच मोठेपणी मणके. हे सरांनीच त्यांना शिकवलं होतं.

आकडा योगायोगानंही जुळू शकतो, म्हणून ताईंनी कुणाकडे वाच्यता केली नाही. एका संशोधन जहाजावर त्यांची मैत्रीण होती. तिला सांगून ठेवलं आणि सात महिन्यांनी बर्फातून तशीच तीन ताजी पिल्लं आली. त्यांचे तुकडे डीएनए तपासायला प्रयोगशाळेत गेले. अहवालात शंकेला जागाच नव्हती. सरांची जात म्हणजे काळतोंड्याचं पोर होतं.

विभागप्रमुखांनी अहवाल वाचून खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, घाई काय आहे, सर आहेत तोवर राहू दे, नंतर छापू. ताईंनी मान डोलावली. पण सरांच्या मरणाची वाट बघत कागद ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हे त्यांना पटेना. रविवारी त्या सरांच्या घरी गेल्या.

दार काकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी, वयानं त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, गुडघे दुखत असूनही घरभर फिरणाऱ्या. सर खुर्चीत बसून भिंगानं वर्तमानपत्र वाचत होते. ताईंनी आडवळण न घेता सांगितलं आणि अहवाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

सरांनी तो उघडला नाही. "चुकीचं मोजलंस," एवढंच बोलले.

ताईंनी तीस एक्स-रेंचं सांगितलं, जहाजाचं सांगितलं. सर ऐकत होते की नाही कळेना. शेवटी ते म्हणाले की त्यांना दुपारी झोपायची सवय आहे. ताई उठल्या. जिन्यापर्यंत काकू आल्या आणि हळूच विचारलं, म्हणजे माझं नाव आता जाणार का?  ताईंनी खरं ते सांगितलं: जुनं नाव आधीचं, म्हणून तेच राहतं; तुमचं नाव यादीत खाली, रद्द झालेल्यांत दिसेल.

काकू हसल्या. "मला तो मासा कधी आवडलाच नाही गं. आतडी कुठे आहेत तेसुद्धा दिसतं. पण त्यांना सांगू नकोस, त्यांनी फार हौसेनं दिलं होतं."

घरी जाताना ताईंना रडू आलं. रस्त्यात रडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, म्हणून एका औषधाच्या दुकानासमोर बाटल्या बघत थांबल्या आणि डोळे पुसून पुढे गेल्या.

दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी सकाळी पहारेकऱ्यानं खाली फोन केला, की एक आजोबा काठी घेऊन जिना उतरताहेत आणि कुणाचा हात धरायला तयार नाहीत. मागून काकू एकेक पायरी मोजत येत होत्या. सर टेबलाशी बसले, कोट काढला, बाही दुमडली आणि बरणी मागितली.

पिल्लू पांढऱ्या बशीत ठेवलं. सरांनी मोठ्या भिंगाखाली सुईनं चुण्या मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा एकशे एकोणचाळीस आल्या. दुसऱ्यांदा नव्वदपर्यंत जाऊन हरवले. सुई चुणीवरून घसरत होती, आणि डोळ्यांत पाणी होतं ते वयाचं की कशाचं, ताईंनी बघितलं नाही. तिसऱ्यांदा ते म्हणाले, सुई तू धर, मी मोठ्यानं मोजतो. ताईंनी एकेका चुणीवर सुई ठेवली. सर मोजत गेले. शंभरावर दोघं थांबले, काकूंनी पाणी दिलं, पुन्हा सुरू केलं. एकशे सत्तेचाळीस.

मग त्यांनी एक्स-रे मागवले आणि त्यातले दोन तसेच मोजले. वर मान करून पहिल्यांदा विचारलं ते पाठीवरच्या पराबद्दल. पर कितव्या चुणीपासून सुरू होतो ते ताईंनी दाखवलं. तेही जुळत होतं.

"तेव्हा माझ्याकडे मोठा काळतोंड्या होता," सर म्हणाले. "शेजारच्याच कपाटात. मी त्याचे मणके मोजले नाहीत. पारदर्शक मासा बघून भान राहिलं नाही."

ताई म्हणाल्या, त्या काळी एक्स-रेची सोय नव्हती. सर म्हणाले, चाकू होता.

मग सरांनी विचारलं, लेख कोण लिहितंय. ताईंनी अजून ठरलं नसल्याचं सांगितलं. सर म्हणाले, माझी चूक आहे तर दुरुस्तीवर माझीही सही हवी. पण माझं नाव दुसरं घाल, पहिलं तुझं, मोजलंस तू. काकू म्हणाल्या, निदान चूक सुंदर होती एवढं तरी लिहा. सर म्हणाले, शास्त्रीय लेखात तसं लिहीत नाहीत. बोलताना त्यांच्या आवाजात नेहमीचा करडेपणा परत आला होता आणि ताईंना हायसं वाटलं.

लेख पुढच्या वर्षी आला. सरांनी तो भिंगानं शेवटपर्यंत वाचला आणि फोन करून सांगितलं, की तिसऱ्या पानावर एक स्वल्पविराम जास्त आहे. मग विचारलं, जहाजावरून अजून पिल्लं येतात का.

येत होती, एक अख्खा ट्रे पडून होता. कुणाचं पोर कोणतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांना जिना झेपेना म्हणून विभागप्रमुखांनी, थोडं ओशाळून, तळमजल्यावर खिडकीपाशी टेबल लावून दिलं. दर गुरुवारी सर यायचे. सुई ताईंच्या हातात, आकडे सरांच्या तोंडात, आणि काकू शेजारी बसून लिहून घ्यायच्या. थंडी संपेपर्यंत त्यांनी चार पिल्लांचे आईबाप शोधून काढले. पाचव्याचे सापडले नाहीत. त्याच्या चुण्या दोनशे अकरा होत्या, आणि तितक्या मणक्यांचा ईल कुठल्याच कपाटात नव्हता. सरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. ताईंना वाटलं, आता नवं नाव सुचवतील. सरांनी आकडा लिहिला, तारीख लिहिली आणि नावाची ओळ कोरी सोडली.