अरुंद तोंडाचे लोड

रबरी हातमोजे चढवून तिने तो जाड विणीचा पायमोजा घोट्यावरून वर सारायला घेतला. पोटरीपर्यंत येता येता घाम फुटला.

"ओढू नका, सारा," समोर बसलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "नवा मोजा हट्टीच असतो."

"याने पाय बारीक होतील ना?"

"नाही हो. ठणका कमी होईल, जडपणा उतरेल. रोज घालायचा, घालूनच चालायचं, व्यायाम करायचा. आणि उपाशी राहू नका. लिपेडिमाच्या आजारात साठलेली ही चरबी उपासाने हटत नाही. घरात आणखी कुणाचे असे पाय होते?"

"आईचे."

आईला ती काय काय बोलली होती! ती स्वतः शाळेत कवायत शिकवायची, पण घरीसुद्धा शिट्टी तोंडातच. "जिभेचे चोचले पुरव आणि मग पाय दुखतात म्हण!" आई बिचारी शिवणकाम करायची. मशीन चालवून पाय ठणकायचे, नुसता धक्का लागला तरी काळेनिळे पडायचे. लेक ओरडली की हातातला घास ताटात परत ठेवायची. चेहरा सुकला, हात वाळले, पाय मात्र तसेच राहिले.

"मागची शिवण सरळ येऊ द्या," बाई म्हणाल्या.

तिने मान वळवून मागे पाहिलं. घोट्याशी अरुंद, मांडीशी रुंद, मागे एकच उभी शिवण. तिचा हात तिथेच थांबला.

सहा वर्षांपूर्वी आईच्या कपाटात तिला अशाच दोन लांब नळ्या सापडल्या होत्या, ताण घेणाऱ्या जाड कापडाच्या.

"हे काय गं, लोडाच्या खोळी? एका तोंडाला एवढ्या अरुंद? माप चुकलं की काय, शिंपीणबाई?"

आईने साडी घोट्यांवर ओढून घेतली होती.

"हो गं. चुकलं."

मग लेकीने त्यांत कापूस ठासला. ठासताना तोंड उघडं धरून आईच उभी होती. शेवटची टीपही तिनेच घातली. ते वर्ष सरायच्या आत ती गेली. तेव्हापासून लेक रोज त्याच लोडांवर पाय टेकून झोपत होती.

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. कात्रीने एका लोडाच्या दोन्ही तोंडांच्या टिपा उसवल्या, कापूस ओढून जमिनीवर टाकला आणि खोळ उलटी केली. आत दर चार बोटांवर खडूची रेघ होती आणि प्रत्येक रेघेशी आईच्या बारीक अक्षरात पायाच्या घेराचा एक आकडा.

ती खुर्चीत बसली. चप्पल भिरकावली, नवा मोजा उतरवला आणि खोळ सुलटी करून घोट्यावरून वर सारत नेली, न ओढता. पोटरीला ती घट्ट बसली, गुडघ्याला बसली, मांडीलाही. मागची शिवण सरळ आली.

"आई गं," ती रडत म्हणाली, "माप बरोबर आहे."