पानबघ्याचा पडदा

पडद्याच्या पैशापायी गाय दावणीतून विकली गेली त्या दिवसापासून बायको पानबघ्याशी धड बोलत नव्हती. पडदा घ्यायला निघतानाही तिचं तोंड चालूच होतं. गाय चरवीभर दूध तरी देत होती, हा उजेडाचा पडदा काय शेण देणार आहे का, असं तिचं म्हणणं.

तिचं खोटं नव्हतं, पण पानबघ्याचाही इलाज खुंटला होता. नवा रस्ता त्यांच्या रोपवाटिकेपासून दोन शेतं पलीकडून गेला आणि गिऱ्हाईक आटलं. पूर्वी वळणावर गाड्या थांबायच्या, माणसं पाय मोकळे करायची, जाताना चार रोपं न्यायची. आता गाड्या लांबूनच सुसाट जात होत्या आणि रोपं पिशव्यांतल्या पिशव्यांत म्हातारी होत होती. बांधावर विजेवरचा मोठा रंगीत पडदा लावायचा, त्यावर पानंफुलं हलती दाखवायची आणि गाड्या वळवायच्या, एवढाच उपाय उरला होता. तो फसला तर रोपवाटिका मोडून दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पानबघ्या हे नाव गावानं ठेवलेलं. कुणाचंही झाड आजारी पडलं की हा पान खुडायचा, उलटं करायचा, पार नाकाशी धरायचा आणि रोग सांगायचा. लांबून झाड बघून बोलणाऱ्यांची त्याला चीड होती. लांबून सगळंच हिरवं दिसतं, असं तो म्हणायचा.

दुकानातही त्यानं तेच केलं. दुकानदारानं गार, अंधाऱ्या खोलीत दोन पडदे लावले. एक बाहेर उन्हात लावायचा, दुसरा घरातला. पानबघ्या पहिल्याजवळ गेला, तर विस्कटलेल्या बियांसारखे नुसते ठिपके. दुसऱ्याला नाक लावलं, तर पानाची शीर न् शीर दिसली.

"मामा, तो पहिला लांबून बघायचा असतो," दुकानदार म्हणाला. "आणि हा दुसरा उन्हात दिसायचा नाही. मागून मला बोल लावू नका."

"चांगला माल जवळूनही चांगलाच दिसतो," पानबघ्या म्हणाला.

बायको दुसऱ्या पडद्यावरच्या पानाला हळूच बोट लावून बघत होती. "अहो, दव पडल्यागत दिसतंय की," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग पानबघ्यानं दुकानदाराचं पुढं ऐकलंच नाही.

पडदा बांधावर चढला. दोघं ढेकळं तुडवत रस्त्यापर्यंत गेले आणि डोळ्यांवर हात धरून मागं वळले. कडकडीत उन्हात पडदा तव्यासारखा काळा दिसत होता.

"चालू आहे ना?" बायकोनं विचारलं.

"चालूच आहे," तो म्हणाला.

दुकानदाराला शिव्या घालायचीही सोय नव्हती. त्यानं आधीच सांगितलं होतं, आणि तेच पानबघ्याला जास्त लागलं.

दिवस मावळला की मात्र पडदा असा पेटायचा की सगळा बांध उजळून निघायचा. पण दिवेलागणीनंतर रोपं घ्यायला येतो कोण? एक गाडी वळली, ती जेवण मिळेल का विचारून गेली. आले ते नुसते पतंग. उजेडावर झुंडीच्या झुंडी आदळायच्या. कुणीतरी आलं म्हणायचं, अशी पानबघ्यानं थट्टा केली, पण ती फार दिवस टिकली नाही. एका सकाळी पाणी घालताना बायकोनं हाक मारली. त्यानं पान खुडलं, उलटं केलं, नाकाशी धरलं. खाली अंड्यांची रांग होती आणि शिरांमधून हिरव्या अळ्या चालल्या होत्या. औषध मारलं, तर संध्याकाळी नवे पतंग हजर. पडदा बंद करावा तर गाडी येणार नाही, चालू ठेवावा तर रोप राहणार नाही. त्यानं चालूच ठेवला. वेडी आशा, दुसरं काय!

आणि एका संध्याकाळी खरंच गाडी वळली. एक बाई उतरली, पडद्याकडं बघतच आत आली. मोठी बाग करायची होती तिला. पडद्यावर आहेत तसलीच रोपं हवीत, असतील तेवढी द्या, म्हणाली. 

तो तिला ओळीपाशी घेऊन गेला. बाई जाणती निघाली. वाकून तिनं पान खुडलं, उलटं केलं आणि पडद्याच्या उजेडात पार नाकाशी धरलं.

"लांबून छान दिसत होतं," ती म्हणाली, आणि पान हळूच खाली ठेवून गाडीकडं गेली.

पानबघ्या तिथंच उकिडवा बसला. बायकोनं जाऊन पडदा बंद केला, अंधारात चाचपडत त्याच्याजवळ येऊन बसली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"उद्या कुणाच्या बांधावर जायचं?" तिनं एवढंच विचारलं.