बेलुगा पश्चिमेला निघाली

मी बेलुगा बोलतेय. समुद्रातली नव्हे. कॅनडाच्या पूर्व टोकाला, केप ब्रेटन बेटावरच्या एका अंगणात उभी राहिलेली, पांढरी, गोलमटोल, चाकांवरची घरगाडी. ट्रकच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. नाव फ्लोराने ठेवलं. फ्लोरा पाच वर्षांची आहे, आणि जे काही पांढरं, मोठं आणि सावकाश चालणारं असेल ते तिच्या लेखी देवमासाच.

गेल्या हिवाळ्यात फ्लोराच्या आईची, मोरॅगची, झोप उडाली. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा माझ्या पत्र्यावर पडायचा, म्हणून मला ठाऊक. मला ट्रकला बांधून, लेकीला घेऊन, तिला ऐन जानेवारीत एकटीने पश्चिमेला पार अल्बर्टापर्यंत जायचं होतं. बर्फाची काळजी तिला होतीच. पण जागं ठेवणारी काळजी वेगळी होती. वाटेत फ्लोराने विचारलं, ‘आई, तुला येतं ना हे?’ तर काय सांगायचं?

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यातला. माझे पहिले मालक म्हणजे एक निवृत्त जोडपं. थंडी पडली की ते मला घेऊन दक्षिणेला पळायचे. त्यांच्यामुळे मी संत्र्यांच्या बागा पाहिल्या. मग नवरा वारला आणि ती एकटी मला ओढायला धजली नाही. मी गोठ्यामागे उभी राहिले. टायर मऊ पडले, गादीत उंदरांनी संसार थाटला.

तिथून मला मोरॅगने आणि तिच्या नवऱ्याने, कॅलमने, आणलं. कॅलमने माझ्या छताच्या फटी बुजवल्या, मोरॅगने पिवळे पडदे शिवले, आणि माझ्या मागच्या टोकाला फ्लोराचा बिछाना झाला. दोन उन्हाळे मजेत गेले. पुढे कॅलम काम करायचा तो मासळीचा कारखाना बंद पडला आणि इथले सगळे जातात तसा तोही पश्चिमेला कामाला गेला. तिकडे राहायला घर मिळेना. शेवटी ठरलं, घरच तिकडे न्यायचं. म्हणजे मला.

मोरॅग शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा तयारीही शाळेसारखीच. टेबलावर नकाशा पसरला. सुपीरियर सरोवराच्या वरच्या रस्त्यावर चढ आणि वळणं फार. वादळाची बातमी असली की तिथे एक पाऊलही टाकायचं नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम. माझ्या नळांतलं पाणी काढून गोठू नये म्हणून गुलाबी औषध भरलं होतं, त्यामुळे पिण्याचं पाणी डब्यांतून न्यायचं. पेट्रोलपंप असे निवडायचे की गाडी सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडेल.

“आणि रिव्हर्स घ्यावाच लागला तर?” मोरॅगच्या सासऱ्याने, हेक्टरने, विचारलं.

“एकदा घेतला होता बाबा. तुमचं कुंपण गेलं.”

“ते कुंपण म्हातारंच होतं, पोरी. तुझीच वाट बघत होतं.”

आमच्याकडे पश्चिमेला निघालेलं माणूस कधी एकटं निघत नाही. गावातल्या प्रत्येक घरचं कुणी ना कुणी तिकडे आहे. एफी आजी खारवलेल्या माशाचं लाकडी पिंप घेऊन आली. “आमच्या रॉरीसाठी.”

“तिकडे मासे मिळतात, आजी.”

“मिळतात गं, पण चव कुठली? समुद्रच नाही त्यांच्याकडे!”

मग जॅमच्या बरण्या आल्या, काकवीची बिस्किटं आली, आणि सँडी काकांनी तर तिकडच्या आपल्या मुलासाठी चक्क लोखंडी चूल आणून ठेवली. नाही म्हणायची इथे रीत नाही. मोठा कप्पा फ्लोराच्या बिछान्याखाली, सगळ्यांत मागे. सगळं तिथे गेलं. त्यावर मोरॅगच्या काळजीचं सामान चढलं: चाकाखाली घालायला वाळूची पोती, मिठाची पोती, पाण्याचे डबे, सूपचे डबे. “फ्लोराच्या हाताशी असू दे,” असं म्हणत ती भरतच गेली.

माझं बूड खाली दबलं, आणि नाक, म्हणजे ट्रकला जोडायचं पुढचं टोक, हलकं झालं. मी कुरकुरले. पण माझी कुरकुर थंडीतली समजतात.

रविवारी सराव म्हणून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याला निघालो. उतारावर वेग वाढला आणि माझी शेपटी हलू लागली. आधी थोडी, मग डावीकडून उजवीकडे, इतकी की ट्रकही माझ्याबरोबर ओढला जाऊ लागला. मला थांबता येत नव्हतं. मोरॅगने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, ट्रकमधल्या खटक्याने फक्त माझे ब्रेक हाताने दाबले, आणि कशीबशी आम्ही कडेला थांबलो.

“बेलुगा पोहत होती!” फ्लोरा टाळ्या पिटत ओरडली.

मोरॅगने मात्र इंजिन बंद केलं आणि हेक्टरला फोन लावला. तो आला आणि स्वतः ट्रक चालवत आम्हाला रांगत्या वेगाने घरी घेऊन आला.

अंगणात उभी राहून मोरॅग म्हणाली, “कॅलमला सांगा, मी नाही येत. मला हे जमणारं नाही.”

मला गोठा आठवला. ते मऊ टायर आठवले.

“अगं, वारा असेल.”

“वारा नव्हता, बाबा. चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. वारा नाही, बर्फ नाही, वळण नाही. मग हलली कशी?” बोलता बोलता ती थबकली. माझ्याकडे वळली, मागचा कप्पा उघडला आणि बघतच राहिली.

“अरे देवा! सातवीच्या पोरांना सीसॉ काढून दाखवते मी. मागे हे सगळं, आणि पुढे? पडदे!”

तिने न्हाणीघरातला वजनकाटा आणला, वर फळी ठेवली आणि माझं नाक हळूच त्यावर टेकवलं.

“याच्यापेक्षा माझं वजन जास्त भरतं,” हेक्टर म्हणाला.

“नाक असं हलकं असलं की शेपटी डुलते, बाबा. याच्या कितीतरी पट हवं.”

मग सगळं उपसलं. जड सामान चाकांच्या वर आणि पुढे. माशाचं पिंप मोरॅगच्या पलंगाशी आलं. “घ्या, आता स्वप्नंसुद्धा खारट!” ती म्हणाली. आणि मग तिने या गावात कुणी करत नाही ते केलं.

“सँडी काका, चूल नाही येणार.”

म्हाताऱ्याने चुलीवरची धूळ हाताने झटकली. मग म्हणाला, “राहू दे. त्याला कुठे चहा करता येतो?”

स्वतःची निम्मी पोतीही तिने उतरवली. ती उतरवायला तिला चुलीपेक्षा जास्त वेळ लागला.

पुन्हा त्याच उतारावर गेलो. या वेळी माझं नाक ट्रकवर घट्ट टेकलेलं होतं, आणि मी सरळ चालले.

आज मी अल्बर्टात उभी आहे. छतावर बर्फ, आत कॅलमचे ओले मोजे वाळत घातलेले. रॉरीचा मासा रॉरीला पोचला. आम्हा घरगाड्यांना ओढणाऱ्यांना एवढीच विनंती, की आम्ही हललो तर लगेच स्वतःला नालायक ठरवू नका. आधी आमच्या पोटात कुठे काय कोंबलंय ते बघा. आणि काही गोष्टी अंगणातच राहू द्या.

निघालो तो दिवस मला विसरता येत नाही. बेट संपतं तिथे समुद्रातून बांधलेला रस्ता आहे. दोन्हीकडे पाणी, अंगावर वारा. ट्रकला जोडलं की पुढचं सगळं मला ऐकू येतं. मोरॅग दर क्षणाला आरशातून माझ्याकडे बघत होती. मागच्या सीटवर फ्लोरा चुळबुळली.

“आई…”

मोरॅगने ओळखलं, आता तो प्रश्न येणार. पाठ केलेलं उत्तर तिच्या ओठांवर होतं.

“आई, सारखं मागे नको ना बघू,” फ्लोरा म्हणाली. “ती येतेय.”